ढोलीबाहेरचा सोहळा

एका जंगलात सावरी नावाची धनेशाची पोर पाच वर्षांनी परत आली, तेव्हा पहिले दोन दिवस कानांत सावरीचा कापूस घालून बसायचं तिने वाटेतच ठरवलं होतं.

मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला असेल. मोठी पिवळी चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग, आणि उडताना पंखांचा असा आवाज की जणू लोहाराचा भाताच आकाशातून चाललाय. एवढी मोठी चोच देवाने त्याला फळं वाहायला दिली. पुढे त्या चोचीचा उपयोग काय झाला, ते कळेलच.

तर सावरीला वाटलं होतं, जंगलात पाय ठेवायला फांदी मिळणार नाही. ढोलीढोलीतून तीन-तीन पिल्लं भुकेने कोकलत असतील. बाप धापा टाकत फळं वाहत असतील आणि आया आतून ओरडत असतील, की अजून आणा.

प्रत्यक्षात जंगलात इतकी शांतता होती, की पान गळलं तरी मंडळी माना वळवून बघत.

सावरी शिकायला गेली होती लांबच्या सरोवरावर. तिथे करकोचे शिकवतात. ते एका पायावर उभं राहून शिकवतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं फार विचारपूर्वक असावं असं वाटतं. त्यांनी तिला शिकवलं, की पक्षी जितका रानटी तितकी त्याची अंडी जास्त. एके दिवशी या अंड्यांखालीच तुमचं रान दबून मरेल, असंही सांगितलं. सावरीला आपल्या रानाची इतकी काळजी वाटली, की तिने तीन रात्री जागून प्रबंध लिहिला. ‘अंडी कमी कशी घालावीत : बारा उपाय’. करकोच्यांनी तिला मानाचं पीस दिलं. ते पीस शेपटीत खोचून ती घरी आली होती, आपल्या अडाणी लोकांना वाचवायला.

आणि बघते तर काय, दोनशे बारा धनेश आणि पिल्लू दिसेना. एका ढोलीत वाचनालय. एका ढोलीत ध्यानकेंद्र. एका ढोलीत सभेची गुंडाळलेली जाजमं. उरलेल्या ढोल्यांत कोळी जाळी विणत होते, आणि त्यांना मात्र पोरं भरपूर होती.

हे असं कशाने झालं, ते थोडक्यात ऐका.

पूर्वी हे धनेश रानटी होते. म्हणजे मादी ढोलीत शिरायची, आतून चिखलाने तोंड लिंपून घ्यायची आणि चोचीपुरती फट ठेवायची. आत तिची पिसं झडत. तीन महिने तिला उडता येत नसे. ते तीन महिने नर दिवसाला वीस खेपा घालायचा. उंबरं, वडाची फळं, पिंपळाची फळं गळ्यात साठवून आणायची आणि फटीतून एकेक आत द्यायची. नर आला नाही, तर आतले सगळे मेले. एवढी साधी व्यवस्था होती. तिच्यात एकीने विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्याने खेपा घालायच्या. दोन्ही गोष्टी तशा रानटीच.

तेव्हा पिल्लं पुष्कळ व्हायची आणि पुष्कळ मरायची. उदमांजर खाई, साप खाई, ताप खाई. मग सभ्यता आली. उदमांजरांशी तह झाला. सापांना पलीकडचा डोंगर तोडून दिला. तापावर कडुनिंबाचा काढा निघाला. पिल्लं मरेनाशी झाली, पण आया जुन्या सवयीने तेवढीच अंडी घालत राहिल्या. जंगलात दाटी झाली. सावरी शिकायला गेली, ती नेमकी त्या दाटीत.

ती गेली आणि सभ्यता आणखी वाढली. प्रत्येक पिल्लाला उडायचा क्लास हवा झाला. त्या क्लासात प्रवेश मिळावा म्हणून आधी फडफडायचा क्लास. ढोली पूर्वेला तोंड असलेली हवी, आणि शेजारी कावळे नकोत. माद्या शिकल्या, सभेत बसायला लागल्या. हे चांगलंच झालं. नरही शिकले. शिकल्यावर त्यांना कळलं, की फळं वाहणं हे हमालाचं काम आहे. तसं कुणी बोलून दाखवलं नाही. वीस खेपांच्या बारा झाल्या आणि बाराच्या पाच, इतकंच. मादी आत बसून मोजायची. तिला आत दुसरं काम काय.

म्हणून आधी मरण थांबलं, मग जन्म थांबला. मधे काही वर्षं जी गर्दी झाली होती, तिच्यावर करकोचे अजून शिकवत होते.

सावरीला घ्यायला तिची मावशी आली होती, जांभळीमावशी. मावशीने तिच्या काळात एकवीस पिल्लं वाढवली होती. आता तिचा डावा डोळा अधू झाला होता आणि चोचीचं टोक मोडलं होतं. सावरीने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, की पिल्लं कुठे सहलीला गेली आहेत का.

“एकच आहे,” मावशी म्हणाली. “आपल्या भोकरीचं. बाकीची मोठी झाली आणि समितीवर गेली.”

भोकरी ही मावशीची मुलगी. सावरीहून चार वर्षांनी मोठी. त्या हंगामात सगळ्या जंगलात ढोलीत बसलेली ती एकटीच होती. का बसलीस असं विचारलं, तर म्हणायची, पळसूने वीस खेपांची शपथ घेतली म्हणून. पळसू तिचा नवरा.

सावरी तडक सागवानरावांकडे गेली. हे जंगलसभेचे अध्यक्ष. त्यांचं शिंग इतकं जड होतं, की मान कायम खाली झुकलेली असे. लोकांना वाटे, काय ही नम्रता. सावरी प्रामाणिक मुलगी होती. तिने सांगून टाकलं, की काका, माझा प्रबंध साफ चुकला, मी तो फाडून टाकते.

सागवानराव दचकले.

“अगं, फाडतेस कशाला? मानाचं पीस मिळालंय त्याला. ‘कमी’च्या जागी ‘जास्त’ घाल.”

“आणि आतले बारा उपाय?”

“ते राहू देत तसेच. उपाय कोण वाचतं, बाळ?”

मग त्यांनी तिला, जन्म वाढावेत म्हणून सभेने काय काय केलं, ते सांगितलं. एक गीत रचून घेतलं होतं. मातृत्व सप्ताह सुरू केला होता. तो दोन वर्षांपूर्वी पंधरवडा झाला, आता महिना करायचा विचार होता. ढोलीत न बसणाऱ्या माद्यांना सभेत सर्वांत शेवटी बोलायला द्यायचं ठरलं होतं. पण तेव्हापासून सगळ्याच माद्या शेवटी बोलतात आणि तोवर सभा उठते, ही एक छोटी अडचण होती. शिवाय पाहणी झाली होती. प्रत्येक मादीला पिंपळाचं पान देऊन विचारलं होतं, की तुम्ही ढोलीत का बसत नाही. उत्तरं तीन दिली होती. आवड नाही, सवड नाही, संस्कार नाहीत. एकावर टोचा मारायचा होता.

निकाल काय लागला, सावरीने विचारलं. सागवानराव म्हणाले, की काही लागला नाही. सगळीच पानं बाद झाली.

सावरीने ती बाद पानं मागून घेतली. जाजमांच्या ढोलीत त्यांचा ढीग पडला होता. ती दिवसभर पानं उलटत बसली. नव्वद पानं होती. एकाही पानावर तिन्हींपैकी कुठल्याच उत्तराला टोचा नव्हता. पण प्रत्येक पानाच्या कडेला, चोचीच्या टोकाने, बारीक अक्षरांत लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं, ‘तो येत नाही’. कुणी लिहिलं होतं, ‘मागच्या वेळी पाच खेपा झाल्या, यंदा किती?’ एकीने लिहिलं होतं, ‘माझी आई ढोलीतच गेली’. आणखी काही लिहिलं नव्हतं.

सावरी ती पानं घेऊन धावत अध्यक्षांकडे आली. तिला वाटलं, आता प्रश्नच मिटला. रोग कळला, औषधही कळलं, आणि औषध तर झाडाला लागतं.

सागवानरावांनी पानं लांब धरून पाहिली आणि परत दिली. समासातलं मत हे मत नसतं, असं ते म्हणाले. लिहिणारी त्या दिवशी दमलेली असेल, तिचा ताण तिथे उतरतो. ते जाऊ दे, उद्या संध्याकाळी भोकरीच्या झाडाखाली मोठा सोहळा आहे, त्यात मुख्य भाषण तुझं. आणि भाषणाच्या शेवटी जाहीर करायचं, की पुढच्या हंगामात मी स्वतः ढोलीत बसणार. तू शिकलेली, तू बसलीस की बाकीच्या बसतील.

सावरीने विचारलं, कुणाबरोबर.

त्याला उपसमिती आहे, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरी भोकरीच्या झाडावर गेली. जुना बेहडा होता, आणि ढोली अगदी वर. भाषणाला उदाहरण हवं म्हणून तिने चाळीस प्रश्न काढून आणले होते. करकोच्यांनी प्रश्नांचा क्रम शिकवला होता. आधी सोपे, मग कठीण, आणि मधे कधीही थांबायचं नाही.

फटीतून भोकरीच्या चोचीचं टोक दिसत होतं. ती उत्तरं देत होती. नाव, वय, ढोलीची दिशा, अंडी दोन, फुटलं एक. आतून पिल्लाची चिरचिर ऐकू येत होती. सावरीला ती फार गोड वाटली आणि तिने तशी नोंद केली. भोकरीचा आवाज हळूहळू खाली जात होता. सावरीने तिला दोनदा जरा मोठ्याने बोलायला सांगितलं.

एकतिसावा प्रश्न होता, मागचं जेवण कधी झालं.

“चार दिवस झाले.”

सावरीने ‘चार’ लिहिलं. बत्तिसावा प्रश्न अर्धा विचारला आणि मग तिचा पंजा थांबला.

“ताई, भावोजी कुठायत?”

“व्याख्यानाला.”

तिथून पुढची हकीकत भोकरीने थांबत थांबत सांगितली. पहिले चाळीस दिवस पळसूने खरंच वीस-वीस खेपा घातल्या. जंगलात बोभाटा झाला, की असा एक बाप आहे. वरच्या रानातून बोलावणं आलं, की आमच्या तरुणांना दोन शब्द सांगा. तो गेला. छान बोलला. मग खालच्या रानातून आलं. पितृत्वाविषयी त्याच्याइतकं कळकळीने कुणी बोलत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं. आता त्याला सवड मिळत नव्हती. आई येते, भोकरी म्हणाली. पण तिची चोच फटीत जात नाही. पडलेली, सडकी दोन-तीन उंबरं आणते, त्यातली निम्मी बाहेर सांडतात. ती खाल्ल्याला जेवण म्हणत नाहीत.

“मी भिंत फोडून बाहेर आले असते गं,” ती म्हणाली. “पण पिसं नाहीत. आणि हे पोरही अजून उघडं आहे.”

चाळीस प्रश्नांची पानं तिथेच टाकून सावरी ओढ्यावर गेली. ओढ्याला तीन उंबर होते, ती लहान असल्यापासून लाल फळांनी लगडलेले. तिन्ही उंबर बोडके झाले होते. एक फळ शिल्लक नव्हतं. खाली एक खार बसली होती. तिने सांगितलं, की काल सजावटवाले आले होते, टोपल्या भरभरून नेलं सगळं. आता उंबर हवं असेल तर सापांच्या डोंगरापलीकडे.

तो डोंगर म्हणजे जाऊन येऊन निम्मा दिवस. सावरी परत फिरली आणि सोहळ्याच्या जागी आली.

मुलांनो, काय सुंदर सजावट होती म्हणून सांगू! बेहड्याच्या बुंध्यापाशी मंच घातला होता. मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिकल्या उंबरांचं तोरण. चार पदरी. खांबांना उंबरांचे झुबके. मधोमध उंबरांनीच अक्षरं काढली होती, ‘मातृदेवो भव’. आणि त्या ‘मातृ’च्या बरोबर वर, सत्तर हातांवर, ती फट होती.

मंचामागे पळसू बसला होता. एक कारागीर त्याच्या शिंगाला हळद लावत होता. सावरीला पाहून तो खुलला, या सावरीबाई, प्रवास बरा झाला ना, असं विचारायला लागला. तो काही वाईट पक्षी नव्हता. त्याचं ऐकून घेतलं तर जंगलात वाईट कुणीच नव्हतं.

“भावोजी, वर जाऊन आलात?”

“आता कसा जाणार? हळद ओली आहे.”

“ताई चार दिवस उपाशी आहे.”

पळसूचा गळा हलला. पहिले चाळीस दिवस त्या गळ्याला सवय लागली होती. बायकोचं नाव निघालं, की गळ्यातून फळ वर यायचं. आताही गळा दोनदा वर-खाली झाला. पण आत काही नव्हतं. त्याने चोच मिटली आणि म्हणाला, की सोहळा आटोपला की लगेच जातो. आज मी खेपांच्या पावित्र्यावरच बोलणार आहे, भोकरीला वरून सगळं स्पष्ट ऐकू येईल.

सावरी सागवानरावांकडे गेली. तोरणातली वीस उंबरं द्या, एवढंच मागितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तोरण सजावट उपसमितीचं होतं. सोहळ्यानंतर ते मान्यवरांना प्रसाद म्हणून वाटायचं होतं, तशी यादीही झाली होती. आणि नियम होता, की ढोलीत फक्त नोंदलेल्या पित्याने भरवायचं. परक्या चोचीचं पोटात गेलं तर संस्कृती कुठे राहिली? शिवाय आज पळसूला ‘आदर्श पिता’ ही पदवी आहे. भरवणारा भलताच निघाला, तर पदवी कुणाला द्यायची?

“काका, ते पिल्लू मरेल.”

“म्हणून तर सोहळा लवकर घेतला, बाळ. एकच आहे ते.”

ऊन कलल्यावर मंडळी जमली. दोनशे धनेश, झाडून सगळे. गीत झालं. स्वागत झालं. स्वागताच्या स्वागताला उत्तर झालं. सावरी मंचावर मागच्या रांगेत बसली होती आणि तिचे कान वर होते. गाण्याच्या वेळी चिरचिर ऐकू येत होती. दुसऱ्या भाषणापर्यंत अधूनमधून येत होती. पळसूची पदवी वाचत असताना ती थांबली.

जांभळीमावशी वरून खाली आली. म्हातारी सगळ्या सभेच्या मधून, कुणाकडे न बघता, फरफटत मंचापर्यंत आली.

“सावरे,” ती म्हणाली, “ते गप्प झालंय.”

सूत्रसंचालकाने ते ऐकलं. तो तयारीचा पक्षी होता. त्याने सभेला हसून सांगितलं, की पहा, आपलं लाडकं पिल्लूही शांत झालं आहे, म्हणजे तेसुद्धा ऐकतंय. टाळ्या पडल्या. पळसूला चंदनाचं कोरलेलं एक उंबर बक्षीस मिळालं. त्याने ते चोचीत धरलं आणि तसाच उभा राहिला, कारण ठेवायला जागा नव्हती.

मग सावरीचं नाव पुकारलं.

ती पुढे आली. तिच्या डोळ्यांसमोर दोनशे चोची मिटून बसल्या होत्या. भाषण तिला पाठ होतं. त्यात मागच्या पाच वर्षांतलं सगळं शिकलेलं होतं, आणि पानांच्या समासातल्या मजकुरावरचाही एक परिच्छेद होता, जरा धाडसी. ती बोलली असती तर चांगलंच बोलली असती. तिने चोच उघडली.

आणि तोरणातलं एक उंबर तोडून गिळलं.

सभेला वाटलं, प्रात्यक्षिक आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. तिने दुसरं तोडलं, तिसरं तोडलं, ‘देवो’मधली आठ-दहा एका दमात काढली. गळा फुगला, चोच भरली, तशी ती उडाली आणि सरळ वर गेली. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं नाही. सावरीने आपली चोच आत खुपसली आणि अंदाजाने एक फळ सोडलं. मग आणखी एक. तिसऱ्या फळाला आतून काहीतरी हललं आणि ते फळ ओढून घेतलं गेलं.

ती खाली आली. आता सभेला समजलं होतं. सजावट उपसमितीचे तिघे तोरणापुढे उभे राहिले. सावरी त्यांच्या डोक्यावरून गेली आणि चार पदरांतला एक पदर अख्खा ओढून घेतला. झुबके निसटले. उंबरं मान्यवरांच्या मांडीवर पडली. काही मान्यवरांनी ती खाल्ली. दुसरी खेप झाली, तिसरी झाली. चौथ्या खेपेला तिला पंख उचलवेनात. पळसू तिच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचं असावं, पण तोंडात बक्षीस होतं.

पाचव्या खेपेच्या वेळी वरून चिरचिर ऐकू आली. बारीक, रागावलेली, आणि मग न थांबणारी. जांभळीमावशी मंचाच्या कडेला बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

मंचावर ‘मातृदेवो भव’मधलं फक्त ‘भव’ उरलं होतं.

सागवानराव ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. त्यांनी सूत्रसंचालकाला अहवालात लिहायला सांगितलं, की सोहळ्याच्या प्रभावाने पिल्लाच्या आवाजात लक्षणीय वाढ झाली. मग सावरीला बाजूला घेऊन त्यांनी दोन वाटा सांगितल्या. उद्या सूर्य वर आल्यावर सभा बसेल. तिच्यात तू तोरणाची माफी मागायची, जन्मवृद्धी अधिकाऱ्याचं पद घ्यायचं आणि ढोलीचं जाहीर करायचं. झालं गेलं विसरून जाऊ. नाहीतर पुन्हा करकोच्यांकडे जायचं. तिथे एका पायावर उभं राहून आम्हाला हवी तेवढी नावं ठेव.

“तू हुशार आहेस,” ते म्हणाले. “उद्या येशील तेव्हा नीट बोल.”

सावरीने मान हलवली. तिला फार बोलायचं होतं. उत्तर तिच्या डोक्यात तिथल्या तिथे तयार व्हायला लागलं होतं. नव्वद पानं एकेक करून वाचायची. मग सापांना दिलेल्या डोंगराचं काढायचं. मग खेपांचं. मग सागवानरावांना सगळ्यांसमोर विचारायचं, की काका, तुम्ही शेवटचं फळ कधी वाहिलंत. या प्रश्नावर सभा कशी गप्प होईल, तेही तिला दिसत होतं. त्या गप्प झालेल्या सभेचं चित्र इतकं गोड होतं, की ते बघत-बघतच तिला झोप लागली.

सकाळी सभा भरली. जाजमं अंथरली. ठराव वाचून दाखवायला काढला. पळसू पहिल्या रांगेत होता, शिंगाची हळद वाळून भेगाळली होती. सागवानराव मान खाली घालून बसले होते आणि उत्तराची वाट बघत होते.

सूर्य वर आला, सावरी आली नाही. सूर्य डोक्यावर आला. सूत्रसंचालकाने दोनदा तिचं नाव पुकारलं. कुणी म्हणालं, पळून गेली वाटतं. कुणी म्हणालं, शिकलेल्या पोरींचं हे असंच.

तेवढ्यात सापांच्या डोंगराच्या बाजूने भात्याचा आवाज आला. सगळ्यांनी वर बघितलं. पहाटेपूर्वीच निघालेली सावरी परत येत होती. वाटेत कुठेतरी तिचं मानाचं पीस गळून पडलं होतं. गळा इतका फुगला होता, की मान दिसत नव्हती. सभेच्या डोक्यावरून जाताना ती जराशी खाली आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बोलेल. सूत्रसंचालकाने तर सभेला शांत राहायची खूणही केली.

ती बेहड्याकडे वळली आणि पानांत दिसेनाशी झाली.

कारण त्या सकाळी तिने एवढंच ठरवलं होतं, की चोचीत फळ असताना कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आणि भोकरी बाहेर येईपर्यंत चोच रिकामी ठेवायची नाही.

तात्पर्य : मुलांनो, शहाण्या पक्ष्याने चोचीत कधीही फळ धरू नये. चोचीत फळ असलं की भाषण करता येत नाही. आणि कुणी भाषणच केलं नाही, तर जंगलात पिल्लं होणार तरी कशी?